आधी तुमचं म्हणणं

त्या माणसाशी भांडता येत नसे, आणि मला तर भांडल्याशिवाय दुपारचा डबा गोड लागत नसे. आमच्या सहवासाची सगळी अडचण ही एवढीच होती, पण ती वर्षानुवर्षं टिकली.

सत्तरच्या आसपासचा काळ. नागपुरात जमिनीचे नकाशे काढणारी आमची कचेरी होती. मी तिथं ड्राफ्ट्समन होतो आणि ते आमचे हेड ड्राफ्ट्समन. उंच, किडकिडीत अंगाचे, सायकलवर यायचे. उन्हाळा लागला की डोक्याला ओला पंचा गुंडाळायचे आणि त्याच्यावर हॅट चढवायचे. जातीचे म्हणाल तर दोन पिढ्यांपूर्वीचे आमच्यासारखेच कुणबी, आता ख्रिस्ती. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे बोलणं छापील. आम्ही सगळे 'काहून' आणि 'मले' म्हणणारे, आणि हे मात्र 'आपणांस असे वाटते काय?' म्हणून विचारणारे. त्यातच निम्मं डोकं फिरायचं.

उरलेलं निम्मं त्यांच्या नियमानं फिरायचं. नियम असा, की समोरच्याचं मत पटलं नाही तर लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडून दाखवायचं आणि विचारायचं, "बरोबर का?" समोरचा 'बरोबर' म्हणाला तरच आपलं मत सांगायचं. तो 'नाही' म्हणाला तर पुन्हा पहिल्यापासून. यावरून कचेरीत त्यांचं नावच 'बरोबरका' पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचा त्यांना राग नव्हता. मला मात्र त्यांना राग नसण्याचाही राग यायचा.

आता मी पडलो नास्तिक. रामटेकच्या गडाच्या पायथ्याशी वाढलो, आजोबांच्या खांद्यावर बसून गड चढलो आणि कॉलेजात जाऊन देव सोडून आलो. नवा नास्तिक जसा असतो तसाच होतो, म्हणजे दिवसातून एकदा तरी ते सगळ्यांना सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही. माझ्या उजव्या हाताला वासुदेव बसायचा, त्याचा दर गुरुवारी उपास. डाव्या हाताला हे. दोन बाजूंना दोन देव आणि मध्ये मी, त्यामुळे विषयाला कधी तोटा नव्हता.

एकदा डबा खाता खाता मी म्हणालो, "देव म्हणजे काय, भेलेल्या माणसानं काढलेली युक्ती आहे. अंधारात पोरगं कसं मोठ्यानं गाणं म्हणते, तसं."

वासुदेव उसळला. "मंग तुह्या मायनं काल उदबत्ती काहून लावली गा? थे का भेली होती?"

असं भांडण मला आवडतं. पण यांनी चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि सुरू केलं. "थांबा. तुमचं म्हणणं असं, की माणसाला आपल्या दुबळेपणाची लाज वाटते, म्हणून तो स्वतःपेक्षा मोठं कोणीतरी कल्पितो. आणि एकदा कल्पिलं, की स्वतः करायची कामंही त्याच्यावर ढकलतो. म्हणजे तुमचा राग देवावर नसून त्या ढकलण्यावर आहे. बरोबर का?"

इतका विचार मी केलाच नव्हता. पण 'बरोबर' म्हटलं की त्यांची पाळी येणार, आणि मग ते काय बोलतील याचा भरवसा नव्हता. म्हणून म्हणालो, "तसं नाही."

"मग कसं?"

"तसं नाही म्हणजे नाही."

"मग मी परत प्रयत्न करतो," म्हणून त्यांनी परत सुरू केलं. वासुदेवाचा साबुदाण्याच्या उसळीचा डबा रिकामा झाला, माझ्या भाकरीचा पापुद्रा वाळला, जेवायची सुट्टी संपली आणि हे अजून माझंच म्हणणं मांडतायत. आपलं मत सांगायची पाळी त्यांच्यावर आलीच नाही. पुढंही कधी आली नाही, कारण ही युक्ती मला सापडली होती. कित्येक वर्षं शेजारी बसूनही या माणसाचं स्वतःचं मत कशाबद्दल काय आहे, ते मला कळलेलं नव्हतं. त्यांना सांगायचं असायचं, हे दिसायचं. मत घशाशी आलं की ते पेन्सिलला टोक काढत बसायचे. चांगल्या लांब पेन्सिली आमच्यापायी बोटाएवढ्या होऊन गेल्या.

एकदा वैतागून मी विचारलंच, "तुम्ही हे असं काहून करता, साहेब? बोलायचं ते बोलून मोकळं व्हा नं."

ते म्हणाले, "शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, अशी आम्हांला देवाची आज्ञा आहे."

"मग? आपण काय कोर्टात बसलो का?"

"खोटी साक्ष काय फक्त कोर्टातच देतात? तुम्ही जे म्हणाला नाहीत ते तुमच्या तोंडी घालायचं आणि मग ते खोडून काढून जिंकायचं, ही खोटी साक्षच झाली. आणि शेजारी म्हणाल, तर तुमचं टेबल माझ्या टेबलाला लागून नाही का?"

खरंच लागून होतं. मी त्याच दिवशी शिपायाला बोलावून ते हातभर सरकवून घेतलं. त्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी आपलं टेबल हातभर माझ्याकडे सरकवून घेतलं.

याहून वाईट त्यांची दुसरी सवय होती. हजर नसलेल्या माणसाबद्दल ते बोलू द्यायचे नाहीत. कचेरीत माणसं कामासाठी येतात हा बाहेरच्या लोकांचा समज आहे. पण आम्ही कचेरीच्या मोठ्या साहेबाबद्दल काही सुरू केलं, की हे हातातलं काम ठेवून म्हणायचे, "ते इथं असते, तर म्हणाले असते की..." आणि साहेबाची बाजू अशी मांडायचे, की साहेबालाही ती सुचली नसती. बोलण्यातली सगळी चवच जायची. शेवटी आम्ही निंदानालस्ती करायला छपाईच्या खोलीत जायला लागलो. तिथं नकाशांच्या प्रती काढायच्या यंत्रातल्या अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरायचे, पण निदान मोकळेपणा होता.

जेवणाआधी ते डोळे मिटून प्रार्थना करायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तुम्ही सुरू करा, माझ्यासाठी थांबू नका. तुम्ही थांबलात तर लोकांना वाटेल, तुम्हीही सामील आहात." माझ्या नास्तिकपणाची काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच! मग मी मुद्दाम थांबायचो. त्यांचं आमेन होईपर्यंत भुकेल्या पोटी हात बांधून बसायचो, आणि वासुदेव तोंडावर रुमाल धरून हसायचा.

गुरुवारी डब्यात अंडं असलं तर ते बाहेर व्हरांड्यात जाऊन जेवायचे. वासुदेवानं कधी तसं म्हटलेलं नव्हतं. नाताळात त्यांच्या घरून करंज्या यायच्या, आणि वासुदेवासाठी वेगळा डबा असायचा. त्यांच्या पत्नी त्याच्या करंज्या आधी तळायच्या आणि मग घरात अंडी फोडायच्या. मी पहिल्या वर्षी ताठ सांगितलं, "मी कोणत्याही देवाचा प्रसाद खात नाही."

"हा प्रसाद नव्हे, फराळ आहे," ते म्हणाले. "हा कोणालाही दाखवलेला नाही. शंका असेल तर आमच्या घरी विचारून या."

विचारायला काही गेलो नाही. खाल्ल्या. चांगल्या होत्या.

मग संप झाला, आणि गंमत संपली.

आमच्या कचेरीत नकाशे गिरवणारे बरेच ट्रेसर रोजंदारीवर होते. वर्षं उलटली तरी रोजंदारीच. आजारी पडले की घरची चूल बंद. त्यांना कायम करा, म्हणून आम्ही संप पुकारला आणि पुढारीपण माझ्याकडे आलं. हे संपाच्या विरुद्ध होते. का, ते अर्थातच मला ठाऊक नव्हतं. संपाच्या दिवशी सकाळी फाटकापाशी सगळे जमलेले, ऊन चढलेलं, मी बोलतोय, आणि हे सायकल हातात धरून माझ्यासमोर येऊन उभे. भर सभेत म्हणाले, "तुमचं म्हणणं असं, की..."

"साहेब, आज नको!"

ऐकतात कुठले. सगळं मांडलं आणि विचारलं, "बरोबर का?"

"नाही," मी ओरडलो. "बरोबर नाही. आज आत जाऊ नका, हात जोडतो." आणि खरंच हात जोडून फाटकात उभा राहिलो.

"मला आत जावंच लागेल," ते म्हणाले, आणि सायकल वळवून माझ्या बाजूनं आत शिरले. त्यांची पाठ वळली तसा गर्दीतून आवाज आला, "गोऱ्या सायबाचा देव घेतला, आता या सायबाचे पाय दाब!"

गर्दी हसली. ते क्षणभर थबकले, मागं न पाहता चालत गेले. आवाज वासुदेवाचा होता. मी तो ओळखला.

संप मोडला. त्यानंतर माझ्यावर खात्याची चौकशी बसली. आरोप दोन. कामावर जाणाऱ्या माणसाला धमकावलं, आणि त्याच्या धर्मावरून शिवीगाळ केली. पहिल्यातून सुटलो असतो, दुसऱ्यात नोकरी जाणार हे नक्की होतं. सक्करदऱ्याला भाड्याच्या दोन खोल्या, दोन मुली, गावाकडून काही यायचं नाही. मी वासुदेवाचं नाव घेणार नव्हतो. तो संपात माझ्यासोबत उभा होता, त्याच्याही घरी पोरं होती. वासुदेव आपण होऊन पुढं येत नव्हता. उरली साक्ष एकच, ज्याला शिवी बसली त्याची. आणि वर्षानुवर्षं देवाच्या नावानं त्यांच्यासमोर तोंड चालवलं होतं कोणी? मीच.

युनियनची दोन माणसं त्यांच्या घरी जाऊन आली. "काहीच ऐकू आलं नाही, एवढंच म्हणा," असं त्यांना सांगितलं. उत्तर मिळालं, "मी ऐकलं आहे. मी बहिरा नाही."

त्या दिवशी मी घरी येऊन थाळी बाजूला सारली. बायको म्हणाली, "अवो, तुमी सोता जाऊन बोला नं त्याईच्याशी. ते का वाईट मानूस हायेत?"

"तोच तं तरास आहे वं! वाईट असते तं सोपं गेलं असतं. हा माणूस देवाच्या भीतीनं खरं बोलीन आन् मले घरी बसवीन."

तरी गेलो. ते अंगणात पेन्सिलीला टोक काढत बसले होते. मी विचारलं, "तुम्ही काय सांगणार आहात?"

"ते चौकशीत सांगेन. तुम्हांला आत्ता सांगितलं, तर तुम्ही म्हणाल बरोबर नाही, आणि आपल्याला रात्र होईल."

मी अंगणातूनच परतलो. चहासुद्धा घेतला नाही.

चौकशी अधिकारी बाहेरगावचे होते. खोलीत पंखा होता, पण वारा त्यांच्यापुरताच. हे आले, हॅट मांडीवर ठेवून बसले.

"तुम्ही संपाच्या विरुद्ध होता ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"होतो. आजही आहे. यांचं मला मुळीच पटलेलं नाही."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

"मग सांगा, हे त्या दिवशी काय म्हणाले?"

"यांचं म्हणणं असं," त्यांनी सुरुवात केली, आणि माझं भाषण माझ्याहून चांगलं मांडलं. "जी माणसं दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी आखून देतात, त्यांच्या स्वतःच्या पायाखाली हक्काची वीतभर जागा नाही. आज कामावर आहेत, उद्याचं ठाऊक नाही. अशा माणसाच्या हातून आखलेली रेघ सरळ यावी ही अपेक्षा सरकारनं करू नये." आणखीही बरंच बोलले. मी फाटकासमोर इतकी भाषणं ठोकली होती, पण असं एक वाक्य मला सुचलं नव्हतं. अशा वेळीसुद्धा मला त्याचा हेवा वाटला, काय सांगू.

"आणि धमकी?"

"माझा रस्ता अडवला हे खरं. हात जोडून अडवला. मी निघालो तेव्हा बाजूला झाले."

"धर्मावरून जे बोलले ते?"

"ते वाक्य मी ऐकलं. ते यांचं नाही."

"तुमची तर पाठ होती."

"हो. पण यांचं मत मला पाठ आहे. यांचा आक्षेप सगळ्या धर्मांवर आहे, सारखाच. माझ्या एकट्याच्या धर्माला नावं ठेवून बाकीच्यांना सोडून देणं, हे यांना अन्यायाचं वाटेल. हे असं बोलूच शकत नाहीत."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "मग कोण बोललं?"

"जो इथं हजर नाही, त्याच्याबद्दल मी बोलत नाही. माझा जुना नियम आहे. कचेरीत कोणालाही विचारा." आणि भर चौकशीत माझ्याकडे वळून म्हणाले, "मी तुमचं म्हणणं मांडलं. बरोबर का?"

"अहो, हे काय चाललंय?" अधिकारी म्हणाले.

"त्यांनी बरोबर म्हटल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही."

इतक्या वर्षांत न म्हटलेला तो शब्द कसाबसा बाहेर आला. "बरोबर," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. हॅट बाजूला ठेवली, खुर्ची पुढं ओढली. "आता माझं उत्तर."

"त्याची गरज नाही," अधिकारी म्हणाले.

"मला आहे," ते म्हणाले, आणि सुटले. एका विधवा बाईची दिरानं बांध कोरून जमीन दाबली होती. कोर्टाची तारीख आलेली, नकाशाची नक्कल हवी होती, आणि ती आमच्या व्हरांड्यात येऊन बसली होती. आम्ही सरकारशी भांडत होतो, पण नक्कल अडली होती तिची. हक्क मागताना आपल्याहून दुबळ्याला वेठीला धरलं, तर आपल्यात आणि सरकारात फरक काय, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी आत जाऊन त्यांनी ती नक्कल हातानं काढून दिली होती. ते मला बोल लावत होते, माझ्या तोंडावर, अधिकाऱ्यासमोर. साठलेलं सगळं बाहेर आलं.

मला ताकीद देऊन सोडलं. नोकरी राहिली.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांचे हात धरायला गेलो, तर ते मागं सरले. "आभार कशाचे? मी तुमच्या बाजूनं बोललोच नाही. माझं उत्तर ऐकलंत ना? आता ते तुम्ही सांगा पाहू."

मी सांगितलं.

"नाही," ते म्हणाले. "बरोबर नाही."

त्या नाताळात वासुदेवाचा वेगळा डबा नेहमीसारखा आला. डब्यासोबत एक शब्द आला नाही. वासुदेव तो घेऊन छपाईच्या खोलीत गेला, डोळे लाल करून बाहेर आला आणि म्हणाला, "लय अमोनिया आहे गा आज." त्या दिवशी यंत्र बंद होतं.

आणि माझ्यामागं ते शुक्लकाष्ठ लागलं. दर दोन-चार दिवसांनी ते विचारायचे, मी त्यांचं म्हणणं सांगायचो, आणि ते मान हलवायचे. एकदा म्हणाले, "त्या बाईला तुम्ही भोळी करून टाकलंत. ती भोळी नव्हती." एकदा म्हणाले, "यात अजून तुमचाच आवाज आहे." त्यांचं म्हणणं मला आजही पटत नाही. एका नकलेपायी एवढ्या माणसांची भाकरी पणाला लावायची नसते. पण हे सांगायची पाळी माझ्यावर येऊ द्यायला ते तयार नव्हते. माझीच युक्ती माझ्यावर उलटली होती.

ते निवृत्त झाले आणि पुढं घशाच्या दुखण्यानं धंतोलीतल्या एका दवाखान्यात पडले. मी भेटायला गेलो तेव्हा गळ्याला पट्टी, बोलायचं बंद. त्यांच्या पत्नी उशाशी बसल्या होत्या. यांनी मला पाहिलं, आणि भुवया उंचावल्या. मी समजलो. स्टूल ओढून बसलो आणि सुरू केलं. "तुमचं म्हणणं असं, की..." त्या दिवशी मी ते खरोखर चांगलं सांगितलं. त्या बाईला व्हरांड्यातून उठवून तिच्या बांधावर उभी केली. माझा आवाज काढून टाकला. सांगता सांगता मलाच क्षणभर वाटलं, की संप करायला नको होता. मग विचारलं, "बरोबर का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे हसत होते. मग पांघरुणाबाहेरचा हात उचलून बोट हलवलं. नाही.

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ते नाहीच म्हणणार, भाऊ. तुम्ही उद्या परत यावं म्हणून."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. माणूस अंथरुणाला खिळला होता, आवाज गेला होता, तरी बोट तेवढं शाबूत होतं. चौथ्या दिवशी खाट रिकामी होती.

आता सांगा, इतकी वर्षं टेबलाला टेबल लावून बसलेल्या माणसानं जाताना तरी एकदा 'बरोबर' म्हणायचं की नाही?